फ्रीझरमधून काढलेल्या जेलीला पाणी सुटतं: कारण शोधायचं कसं, थांबायचं कुठे

चमचा घालायच्या आधी वाटी उजेडात धरा, थोडी तिरकी करा, मग वास घ्या. जिलेटिनच्या गोड पदार्थांचे बिघाड वरवर सारखे दिसतात, कारणं मात्र वेगवेगळी असतात. कारण ओळखण्यात चूक झाली की दुसऱ्या दिवशी केलेली खेपही तशीच बिघडते. चवथ, नाताळ, कम्युनियन, बारसं असं काही जवळ आलं की नात्यातून, शेजारून मला याच तक्रारीचे फोन येतात, आणि माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: नेमकं दिसतंय काय?

उत्तर बहुतेक वेळा यांपैकी एक असतं.

• तळाशी पाणी साचलंय, जेली आकसून वाटीच्या कडेपासून सुटलीय.
• कापल्यावर आत छिद्रं दिसतात, जिभेला कणी लागते.
• रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही थिजलीच नाही, सरबताचं सरबतच राहिलं.
• थिजली होती, पण ताटात काढल्यावर थोड्याच वेळात ढासळली.
• नारळाचा रस किंवा क्रीम वर येऊन दोन थर झाले.
• वरचा थर चिवट झालाय, दातांना ताणतो.
• सगळं ठीक, पण बांगड्याचा वास येतोय.
• आंबूस वास, बुडबुडे, वर बुळबुळीतपणा किंवा बुरशीचा ठिपका.

यातलं शेवटचं लक्षण असेल तर तपासणी इथेच संपली. पदार्थ टाकून द्या, चाखूनही बघू नका. जिलेटिन हे प्रथिन आहे. त्यात साखर आणि दूध मिसळलं की जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि पुन्हा उकळून घेतल्याने तो पदार्थ खाण्याजोगा होत नाही. बाकीच्या लक्षणांसाठी खालच्या क्रमाने जा. ज्याला पैसा लागत नाही ते आधी, ज्याला मेकॅनिक लागतो ते शेवटी.

वाटी ठेवली होती कुठे?

पाणी सुटणं आणि कणी लागणं, या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा इथेच सापडतं. जेली लवकर व्हावी म्हणून लोक वाटी सरळ फ्रीझरमध्ये ठेवतात. पाहुणे संध्याकाळी येणार, दुपार उलटून गेलेली, मग दुसरं सुचत नाही.

जिलेटिन प्राण्यांच्या हाडांतल्या आणि कातड्यातल्या कोलॅजेनपासून काढतात. गरम पाण्यात त्याचे धागे सुटे होतात, थंड होताना एकमेकांत गुंततात, आणि त्या जाळीत पाणी अडकून बसतं. आपण खातो ती जेली बहुतांशी पाणीच असते. हे पाणी गोठलं की त्याचे स्फटिक होतात आणि वाढता वाढता जाळी फाडतात. बर्फ वितळल्यावर ते पाणी पुन्हा जाळीत शिरत नाही, तळाला उतरतं. घरचा फ्रीझर सावकाश गोठवतो, आणि जितकं सावकाश गोठेल तितके स्फटिक मोठे होतात. म्हणून कारखान्यात झटकन गोठवलेला पदार्थ टिकतो आणि घरी तोच बिघडतो. यात तुमच्या हाताचा दोष नाही.

तेव्हा साधी पाण्याची किंवा फळांच्या रसाची जेली फ्रीझरमध्ये ठेवायची नाही. तिथे ती धड थिजतही नाही आणि टिकतही नाही. घाई असेल तर दुसरी युक्ती आहे: जिलेटिन अर्ध्याच गरम पाण्यात विरघळवा आणि उरलेल्या पाण्याऐवजी थंड पाणी आणि बर्फाचे खडे घाला. बर्फ विरघळेपर्यंत ढवळा, उथळ स्टीलच्या ताटलीत ओता आणि फ्रीजच्या खालच्या खणात ठेवा. स्टीलमधून उष्णता लवकर निघते. काचेच्या जाड वाडग्यात तेवढंच मिश्रण कितीतरी जास्त वेळ घेतं.

आता ज्यांनी फ्रीझरला हातच लावला नव्हता त्यांच्यासाठी. एकदारी फ्रीज असेल तर फ्रीझरच्या खालचा ट्रे आणि मागची भिंत या दोन जागा शून्याच्या आसपास जाऊ शकतात. भिंतीला टेकून ठेवलेली वाटी रात्रीतून मागच्या बाजूने गोठते, सकाळपर्यंत थोडी सैलावते, आणि माणूस म्हणतो, 'मी तर साध्या फ्रीजमध्येच ठेवली होती.' वाटीच्या एकाच बाजूला कणी असेल तर कारण हेच. मधल्या खणात, भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवून ठेवा. दारातले कप्पे मात्र टाळा, दार उघडलं की तिथेच सगळ्यात जास्त ऊन हवा लागते.

गोठवण्याजोगा पदार्थ होता का?

फ्रीझर सगळ्याच जिलेटिनच्या पदार्थांचा शत्रू नाही. स्निग्धांश, साखर आणि फेटून भरलेली हवा भरपूर असेल तर मोकळं पाणी कमी राहतं आणि स्फटिकांना वाढायला जागा मिळत नाही. म्हणून क्रीम घातलेलं मूस, न भाजता केलेलं चीजकेक आणि मार्शमॅलो नीट गोठतात. फेटलेलं क्रीम आणि मारी बिस्किटांचा चुरा यांचे थर देऊन केलेलं सेरादुरा जिलेटिन घालून करत असाल तर तेही उत्तम टिकतं, आणि अर्धवट गोठलेलं खायलाही छान लागतं.

घरच्या आइस्क्रीममध्ये चिमूटभर जिलेटिन मुद्दाम घालतात, कारण ते स्फटिक मोठे होऊ देत नाही. पण हा पदार्थ गोठलेलाच खायचा असतो. गोठवून गोठलेलंच खाणं आणि गोठवून पुन्हा सैल करून खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बिघाड दुसऱ्या प्रकारात होतो.

साधी जेली, जेली-कस्टर्ड आणि शहाळ्याचं पुडिंग मात्र गोठवू नका. जेली-कस्टर्डमध्ये दुहेरी अडचण आहे. कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः मक्याचं पीठ (कॉर्नफ्लोअर), आणि गोठून सैल झाल्यावर त्या पिठालाही पाणी सुटतं. शहाळ्याच्या पुडिंगमधला नारळाचा रस गोठला की त्यातलं तेल आणि पाणी वेगळं होतं, आणि सैल झाल्यावर फाटल्यासारखा दिसतो. नाताळासाठी आधी करून ठेवायचं असेल तर बेबिंका, म्हणजे आपला थरांचा गोड केक, ठेवा. त्यात जिलेटिन नसतं आणि ती फ्रीझरमध्ये मुकाट्याने राहते.

गोठवताना क्रम महत्त्वाचा. आधी फ्रीजमध्ये रात्रभर पूर्ण थिजू द्या, मगच फ्रीझरमध्ये हलवा, कारण जाळी पक्की व्हायच्या आधी थंडी लागली तर ती उभीच राहत नाही. पृष्ठभागाला चिकटेल अशी क्लिंग फिल्म लावा, मग घट्ट झाकणाचा डबा, डब्यावर तारीख. महिन्याभरात संपवा. बाहेर काढताना ओट्यावर ठेवायचं नाही. रात्री फ्रीजच्या खणात हलवायचं आणि सकाळी खायला घ्यायचं. एकदा सैल झालेला पदार्थ पुन्हा गोठवू नका.

झाकण होतं का?

आपल्याकडे फ्रीझर म्हणजे आधी नुस्त्यांची जागा. बांगडे, सुंगटां, पावसाळ्याआधी भरून ठेवलेला इसवण. क्रीम आणि नारळ यांतला स्निग्धांश वास चटकन धरतो, आणि पातळ प्लॅस्टिकची पिशवी तो अडवत नाही. गोड पदार्थ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि मासळीही पिशवीत न ठेवता डब्यात ठेवा. कच्च्या मासळीचा डबा नेहमी खालच्या बाजूला हवा, म्हणजे वीज गेली आणि पाणी गळलं तरी ते गोडावर पडणार नाही. हा मुद्दा वासापुरता नाही, पोटाचा आहे.

वरचा थर चिवट होण्याचं कारणही उघडं भांडंच. फ्रीजमधली हवा कोरडी असते, ती वरचं पाणी ओढून घेते. पण गरम मिश्रणावर लगेच झाकण लावलं तर वाफेचे थेंब वर पडतात आणि जेलीला पाणी सुटल्यासारखं दिसतं. ओळखायचं सोपं आहे: पाणी वर असेल तर वाफेचं, तळाशी असेल तर जेलीतलं. मिश्रण कोमट होऊ द्या, मग झाका.

पाकिटावर काय लिहिलंय?

फोनवर 'जिलेटिन घातलं होतं' म्हणतात आणि पाकीट शोधून वाचायला सांगितलं की निघतं चायना ग्रास. किंवा जेली क्रिस्टल्स, आणि त्यात कॅराजीनन (हेही समुद्री शेवाळापासूनच काढतात). या तिघांचे स्वभाव वेगळे आहेत, म्हणून ही तपासणी सोडू नका.

जिलेटिन प्राणिज असल्यामुळे त्याच्या पाकिटावर मांसाहारी खूण असते: तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण, जुन्या पाकिटांवर तपकिरी गोल. हिरवा ठिपका असेल तर आत जिलेटिन नाही, बहुधा समुद्री शेवाळापासून काढलेलं काहीतरी आहे. शिवराक (शाकाहारी) पाहुणे यायचे असतील, श्रावण असेल, चवथीचा नैवेद्य असेल, तर ही खूण बघणं आपलं कर्तव्यच आहे. समोरच्याला न सांगता जिलेटिन वाढणं मला पटत नाही.

चायना ग्रास, म्हणजे अगर, उकळावं लागतं. नुसत्या गरम पाण्यात ते विरघळत नाही आणि मिश्रण पातळ राहतं. ते साधारण ३५ ते ४० अंशांनाच थिजतं, आणि एकदा थिजलं की ८५ अंशांच्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही. उलट जिलेटिनची जेली ३० ते ३५ अंशांच्या दरम्यानच वितळते. तोंडात विरघळण्याचं सुख त्यामुळेच मिळतं, आणि मे महिन्यात मांडवाखालच्या टेबलावर ती उभी राहत नाही तीही त्यामुळेच. उन्हाळ्यात पदार्थ बाहेर मांडायचा असेल तर मी अगरच घ्यायला सांगते.

हाच प्रश्न एकेकाळी प्रयोगशाळेतही अडला होता. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिवाणू जिलेटिनवर वाढवत. उन्हाळ्यात जिलेटिन वितळायचं, आणि काही जिवाणू तर ते पचवून पातळ करून टाकायचे. तिथे काम करणाऱ्या वॉल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस घरी जेली आणि पुडिंगसाठी अगर वापरत. जाव्यात राहून आलेल्या ओळखीच्या लोकांकडून त्यांना ते कळलं होतं. १८८१ मध्ये त्यांनी तेच सुचवलं, आणि आजही जिवाणू अगरवरच वाढवतात. स्वयंपाकघरातल्या ज्ञानाने केवढं मोठं काम केलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

मात्र अगर फ्रीझरमध्ये जिलेटिनपेक्षाही वाईट वागतं. जपानमध्ये अगर तयार करताना शेवाळाची जेली थंडीत रात्री गोठवायची, दिवसा वितळू द्यायची, असं करून तिच्यातलं पाणी काढून टाकतात. ज्या क्रियेने अगर कोरडं करतात तीच क्रिया आपण पुडिंगवर केली तर तळाशी पाणीच मिळणार. चायना ग्रासचं काहीही फ्रीझरमध्ये नको. फ्रीजमध्येही तिसऱ्या दिवसापासून त्याला थोडं पाणी सुटतं. तो बिघाड नाही, निथळून घ्या.

फळ कोणतं घातलं होतं?

'थिजलीच नाही' या तक्रारीचं पहिलं संशयित फळ म्हणजे अननस. मग पपई, किवी, ताजं अंजीर आणि आल्याचा रस. या सगळ्यांत प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम) असतात. मांस मऊ करायला कच्ची पपई लावतात ती याचसाठी. जिलेटिनही प्रथिनच, मग त्याची जाळी कापली जाते. जिलेटिन दुप्पट घातलं, दोन दिवस वाट पाहिली, तरी उपयोग होत नाही.

अनेकांना वाटतं की फळ गोठवलं की दोष जातो. जात नाही. गोठवल्याने विकरं झोपतात, मरत नाहीत. फळ सैल झालं की पुन्हा कामाला लागतात. ती उष्णतेनेच मोडतात. अननसाचे तुकडे साखर घालून पाच-सात मिनिटं चांगले उकळा, पपईला त्याहून थोडा जास्त वेळ द्या, गार करा आणि मग घाला. डबाबंद अननस आधीच तापवलेला असतो, तो चालतो. ताज्या अननसाचीच चव हवी असेल तर अगर वापरा. अगर प्रथिन नसल्यामुळे ही विकरं त्याला काही करू शकत नाहीत.

मानकुराद आंब्याचा रस जिलेटिनबरोबर सहसा त्रास देत नाही. फळाबद्दल शंका असली तर थिजलेल्या जेलीच्या एका चमच्यावर फळाचा तुकडा ठेवा आणि रात्रभर फ्रीजमध्ये राहू द्या. सकाळी तुकड्याभोवती खळगा पडून पाणी झालं असेल तर ते फळ उकळूनच घ्यायचं.

माप आणि आच

इथून पुढे पुन्हा करून बघावं लागतं, म्हणजे थोडा खर्च आला. अर्धा लिटर द्रवाला ७ ग्रॅम जिलेटिनने चमच्याने खाण्याजोगी मऊ जेली होते. साच्यातून उलटी काढायची तर १० ग्रॅम घ्या, म्हणजे सपाट एक टेबलस्पून. आपल्या हवेत मी १० च्या खाली जात नाही, कारण मऊ जेली फ्रीजमधून जेवणाच्या टेबलापर्यंत पोचते आणि तिथेच ढासळते. पण १५ च्या वर गेलात तर रबर होईल.

जिलेटिन आधी गार पाण्यात फुलवायचं. वजनाच्या पाच-सहा पट पाणी घ्या, त्यावर पूड भुरभुरवा आणि दहा मिनिटं हात लावू नका. सरळ गरम पाण्यात टाकलं तर कणांच्या बाहेरचा भाग चिकट होतो, आत पाणी पोचत नाही, गुठळ्या राहतात, आणि गुठळ्यांत अडकलेलं जिलेटिन थिजवायच्या कामाला येत नाही. फुललेलं जिलेटिन ५० ते ६० अंश गरम द्रवात सहज विरघळतं. बोट बुडवलं तर चटका बसेल, पण बुडबुडे येणार नाहीत, एवढं गरम. चुलीवर खळखळ उकळत ठेवलं तर धागे तुटून त्याची ताकद कमी होते.

नारळाच्या पुडिंगचे दोन थर होण्याचं कारणही आच आणि घाई हेच. मिश्रण गरम आणि पातळ असताना साच्यात ओतलं की थिजेपर्यंत स्निग्धांश वर येतो. पातेलं थंड पाण्यात ठेवून ढवळत राहा, तांदळाच्या पेजेइतकं दाट झालं की ओता.

आंबट, खारट आणि फेणी: या तिन्हींनी जेली सैल पडते. सोलकढीचं आगळ (कोकमाचा दाट रस) घालून केलेली जेली मऊ राहते, कारण आगळ आंबट आहेच, शिवाय त्यात मीठ असतं. कोकमची जेली हवी असेल तर बिनमिठाचा रस किंवा गोड अमृतकोकम घ्या आणि जिलेटिन चौथाईने वाढवा. अगर वापरत असाल तर आंबट रस त्याच्याबरोबर उकळू नका; अगर उकळून खाली उतरवा, मग रस घाला. काजूची फेणी साधारण ४२.८ टक्के मद्यार्काची असते. एकूण द्रवाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त घालू नका, आणि मिश्रण कोमट झाल्यावरच घाला.

सगळं मिश्रण ओतायच्या आधी एक चमचा थंड बशीवर घालून फ्रीजमध्ये पंधरा मिनिटं ठेवा. बशी तिरकी केल्यावर वाहिलं तर अजून जिलेटिन फुलवून घालता येतं. वेळही द्या: पाणी असो की दूध, किमान चार तास, साच्यातून काढायची असेल तर रात्रभर. जाळी दुसऱ्या दिवसापर्यंत घट्ट होत राहते, म्हणून चार तासांनी मऊ वाटलेली जेली सकाळी छान निघते.

बिघडलेलं वाचवता येतं का?

पाणी सुटलेली साधी जेली, जर ती सतत थंड राहिली असेल तर, वाचते. गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून वितळवा, गाळा, थोडं फुलवलेलं जिलेटिन घाला आणि फ्रीजमध्ये पुन्हा थिजवा. हे एकदाच करायचं. विकरांनी पातळ केलेली जेली परत थिजत नाही. ती फळाच्या सरबतात घाला. क्रीमचं मूस फाटलं तर वितळवू नका, अर्धगोठलेलंच वाढा.

फ्रीज पुरेसा थंड आहे का?

माप बरोबर, फळ बरोबर, तरी प्रत्येक वेळी जेली मऊच, असं असेल तर पदार्थ सोडा आणि फ्रीजकडे वळा. पाण्याचा पेला मधल्या खणात रात्रभर ठेवा आणि सकाळी त्यात थर्मामीटर बुडवा. ४ अंश किंवा त्याखाली हवं. फ्रीझर उणे १८ ला हवा. स्वयंपाकघरातलं साधं थर्मामीटर पुरतं. तापाचं थर्मामीटर चालणार नाही, त्याचे आकडे ३५ च्या आसपास सुरू होतात. फ्रीजचं बटण हिवाळ्यात कमी करून तसंच राहिलंय का, तेही बघा. एप्रिल-मेमध्ये ते वाढवावं लागतं. आणि फ्रीज खचाखच भरलेला असेल तर हवा फिरत नाही, आधी थोडा रिकामा करा.

मग दाराचं रबर. नोटेच्या आकाराचा कागद दारात अडकवून ओढा. सहज निघाला तर तिथून थंडी जातेय. पावसाळ्यात या रबराच्या घडीत काळी बुरशी धरते आणि ते नीट चिकटत नाही. कोमट साबणाच्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने घासा आणि कोरडं करा. अर्ध्याअधिक घरांत काम इथे होतं. फ्रीजची मागची बाजू भिंतीपासून वीतभर दूर आहे का बघा. मागच्या नळ्यांची जाळी बाहेर असेल तर प्लग काढून धूळ झटका. समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या हवेने जाळी गंजते, म्हणून दरवर्षी बघत जा.

वीज गेल्यावर

जूनमध्ये वाऱ्याने फांदी तारेवर पडली की वीज कधी येईल सांगता येत नाही. दार न उघडलेला फ्रीज साधारण चार तास थंडी धरतो, भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. फ्रीझरमध्ये बर्फाने भरलेल्या वाटीवर एक नाणं ठेवा. तुम्ही गावाला गेलेले असताना बर्फ वितळून पुन्हा गोठला असेल तर नाणं तळाशी सापडेल.

जेली स्वतःही हेच सांगते. साच्यात उंच थिजलेली किंवा तुकडे केलेली जेली सकाळी सपाट होऊन पुन्हा थिजलेली दिसली, तर रात्री फ्रीज जेली वितळण्याइतका तापला होता. अशा वेळी फक्त जेली टाकून भागत नाही. दूध, क्रीम, अंडी, शिजवलेली मासळी, आदल्या दिवशीचं शागोती, सगळंच टाकावं लागतं. जिवावर येतं, तरी टाका. बाहेर मांडलेल्या पदार्थाला दोन तास, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. नीट थंड राहिलेला दुधाचा पदार्थही फ्रीजमध्ये तीन-चार दिवसांच्या पुढे ठेवू नका.

इथे थांबा, माणूस बोलवा

रबर साफ, बटण बरोबर, जागा मोकळी, आणि २४ तासांनंतरही पेल्यातलं पाणी ६-७ अंशांच्या वरच असेल, तर मेकॅनिकला बोलवा. कॉम्प्रेसर न थांबता चालतोय, बर्फ फ्रीझरच्या एकाच कोपऱ्यात धरतोय, फ्रॉस्ट-फ्री फ्रीजच्या आतल्या भिंतीवर बर्फाची भिंत उभी राहतेय, संध्याकाळी व्होल्टेज पडलं की टक-टक आवाज येऊन फ्रीज बंद पडतोय: हे आपलं काम नाही. साचलेला बर्फ सुरीने किंवा उलथण्याने खरवडू नका. आतली नळी फुटली की गॅस जातो, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आइसोब्युटेन असतो, जो पेट घेतो. असं झालं किंवा गॅसचा संशय आला तर गॅसची शेगडी बंद ठेवा, कुठलंही बटण दाबू नका, खिडक्या उघडा आणि फोन बाहेर जाऊन करा. मेकॅनिकला तुम्ही घेतलेले तापमानाचे आकडे आणि तारखा सांगा. 'थंड होत नाही' एवढंच सांगितलं तर तो अंदाजाने भाग बदलत बसतो आणि पैसे तुमचे जातात.

बिघडलेलं कुणी खाल्लं असेल आणि उलट्या, जुलाब, ताप सुरू झाले तर घरगुती उपाय करत वेळ घालवू नका. ओआरएस सुरू करा आणि डॉक्टरकडे जा. लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल, शौचात रक्त असेल, लघवी कमी झाली असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, गरज पडली तर १०८ ला फोन करा. राहिलेला पदार्थ घट्ट डब्यात बंद करून ठेवा, डॉक्टरांनी विचारलं तर दाखवता येईल.

आणि शंभर माणसांच्या वर जेवण असेल तर जिलेटिनचं गोड घरच्या फ्रीजच्या भरवशावर घेऊ नका. एवढं कोमट मिश्रण एकदम आत गेलं की फ्रीजच तापतो, शेजारचं दूधही नासतं. ते काम थंड गाडी असलेल्या केटररला द्या, आणि घरी काही करायचंच असेल तर चायना ग्रासचं पुडिंग सकाळी करा.